उडून जाणाऱ्या तेलांची जागा

लोणावळ्याच्या पंचक्रोशीत वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जवळच्या औंढे गावाच्या भातखाचरावर श्रावणात एखादं सुगंधी तेल पाण्यात कालवून फवारलं, तर पुढच्या सरीत ते धुऊन जाईल; उघडीप मिळालीच तर वाऱ्यावर उडून जाईल. वनस्पतींच्या तेलांनी कीड आवरण्याबद्दल उत्साहाने बोललं जातं, तेव्हा ही गोष्ट हमखास सुटते. मावळात, म्हणजे या भागात, या तेलांना जागा आहे, पण ती उघड्या शिवारात नाही. ती बंद जागेत आहे : भाताच्या कणगीत आणि फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. निंबोळीचं तेल या जातीचं नाही. ते घाण्यावर गाळलेलं जड तेल. कापडावर पडलं की डाग राहतो. गवती चहा, लवंग, निलगिरी, रोशा, निर्गुडी यांची तेलं वाफेवर काढतात आणि ती हवेत विरून जातात. गवती चहाच्या शंभर किलो ओल्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल हाती येतं, म्हणून ती महाग. लवंगेतलं युजेनॉल किंवा रोशातलं जिरॅनिऑल वाफेच्या रूपाने किड्याच्या श्वासछिद्रांतून आत शिरतं आणि त्याच्या मज्जासंस्थेत गोंधळ उडवतं. यांतली काही द्रव्यं ऑक्टोपामाइन या संदेशवाहक रसायनाच्या कामात अडथळा आणतात. किड्यांना ते अत्यावश्यक असतं. आपल्या शरीरात त्याला फारसं काम नाही.

कणगीत हेच उडणं उपयोगी पडतं, कारण वाफ आतच कोंडते. घाटमाथ्याच्या पावसात कडुनिंब फारसा दिसत नाही. ओढ्याकाठी निर्गुडी मात्र असते, आणि धान्यात तिचा पाला घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पण शत्रू नीट ओळखायला हवा. सोंडकिड्याची मादी तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक लिंपून टाकते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. आत अळी दाणा पोखरत वाढते आणि साधारण महिन्याभराने सोंड असलेला किडा बाहेर पडतो. तेलाची वाफ बाहेर फिरणाऱ्या किड्यांना मारते किंवा पळवते. दाण्यातल्या अळीपर्यंत ती तेवढी पोचत नाही. म्हणून भात कडक उन्हात वाळवणं आणि तुसासकट ठेवणं हा पहिला उपाय. अखंड तुसातून सोंडकिडा सहसा शिरत नाही, जरी भातावरचा पतंग शिरतो.

मावळापुरती आणखी एक अडचण आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी, तसाच जुना आंबेमोहोर, हे तांदूळ सुवासावर विकले जातात. त्यांच्या शेजारी लवंगेचं किंवा निलगिरीचं तेल ठेवलं तर भाताला भलताच वास लागेल. माझ्या मते तेल वापरावं ते रिकाम्या कणगीत, भात भरण्याआधी. बियाण्याच्या भातावर वापरायचं तर आधी मूठभर दाणे रुजवून पाहावेत, कारण काही तेलं उगवणही दाबतात. घरात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवण्यापेक्षा एवढी खटपट कितीतरी बरी. त्या गोळ्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

दुसरी जागा पवन मावळातली. तिथले डच गुलाब व्हॅलेंटाइन डेच्या आधी परदेशी जातात. पॉलिहाऊसमध्ये पाऊस नाही, वारा कमी, आणि पानामागे लाल कोळी. पान उलटून भिंगातून पाहिलं की टाचणीच्या डोक्याहून लहान, आठ पायांचे ठिपके बारीक जाळ्यातून हिंडताना दिसतात. रासायनिक कोळीनाशकांना ते पिढ्यांमागून पिढ्या सरावतात. कॅनडात कीटकशास्त्रज्ञ मरे इस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हरितगृहातल्या टोमॅटोवर रोझमेरी तेलाचं औषध फवारून पाहिलं. एका फवारणीत कोळ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास घटली आणि झाडाला इजा झाली नाही. निम्मी म्हणजे कमीच, असं कुणी म्हणेल. पण तेल लवकर उडून गेल्यावर कोळी खाणारे मित्रकीटक सोडता येतात आणि उरलेलं काम ते करतात. शिवाय आत जाऊन फुलं तोडणाऱ्या बाईच्या अंगावर विष राहत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. त्यानंतर हा मुद्दा दुय्यम मानता येत नाही.

अर्थात पातळ न केलेलं तेल कातडी जाळतं, डोळ्यांना इजा करतं, पाकळीवर डाग पाडतं. पाण्यात मिसळण्यासाठी त्याला योग्य द्रव्याची जोड लागते, आणि उन्हं कलल्यावरच, आधी दोन-चार झाडांवर पाहून फवारावं लागतं.

अशा तेलांचा व्यापार आपल्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, अक्राणी भागात रोशा गवताचं तेल भट्ट्यांवर निघे आणि मुंबई बंदरातून अरबस्तान-तुर्कस्तानकडे जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत, कारण जिरॅनिऑल दोन्हींत असतं. जे तेल गुलाबात मिसळायला गेलं, ते गुलाबावरच्या किडीसाठी पारखून पाहायला हवं.

अमेरिकेने १९९६ साली लवंग, सिट्रोनेला, रोझमेरी अशा काही तेलांच्या औषधांना अटी घालून नोंदणीतून सूट दिली. आपल्याकडे कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. कडुनिंबातल्या अझाडिरेक्टिनला ती मिळाली, कारण बाटलीत ते किती आहे हे मोजून लिहिता येतं. निर्गुडीचं तेल जागेनुसार आणि ऋतूनुसार बदलतं. मावळातल्या निर्गुडीत पावसाळ्यात काय असतं आणि उन्हाळ्यात काय, हे मोजण्याचं काम वडगावच्या केंद्राने आणि पवन मावळातल्या फूल उत्पादकांनी मिळून हाती घ्यावं. पाला ओढ्याकाठी आहे, बंद पॉलिहाऊस तयार आहेत, आणि गरज दर हंगामाला पडते.