विहिरीवरचा फोन

परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये 'मोटार' या नावाने एक नंबर असतो. तो कुणा माणसाचा नाही. फोन लागतो तो विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या पेटीत बसलेल्या स्टार्टरला. आधीच भरून ठेवलेला आवाज सांगतो, लाईट आहे की नाही. मग एक आकडा दाबला की मोटार चालू, दुसरा दाबला की बंद.

यंत्राच्या अंगातच बसवलेल्या फोनांचं घराणं जुनं आहे आणि ते सुरू झालं दुसऱ्या मोटारीतून. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात फिरत्या फोनची सेवा सुरू झाली, ती गाडीत बसवायच्या फोनांसाठीच होती. पुढे जीएसएमच्या काळात महागड्या गाड्यांत बसवलेले फोन मिळू लागले. अँटेना टपावर, वीज गाडीच्या बॅटरीची, आणि हातातल्या फोनला २ वॅटची मुभा असताना गाडीतल्या फोनला ८ वॅटपर्यंत. असा एखादा जुना जीएसएम फोन आज बोलता करायचा तर दोन गोष्टी लागतात: आसपास जिवंत २जी टॉवर आणि खातं चालू असलेलं सिम. आपल्या विहिरीवरच्या फोनची गरजही नेमकी एवढीच आहे. त्याचं दुखणंही तेच आहे.

आपल्याकडे या यंत्राची वाट दाखवणाऱ्यांत पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नाव आदराने घ्यायला हवं. पंप चालू-बंद करण्यासाठी आजोबांची होणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यांच्या 'नॅनो गणेश'मध्ये पंपाजवळ चक्क एक साधा मोबाइल ठेवून तो स्टार्टरला जोडता येत असे. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या यंत्राला २५ हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. घरात अडगळीत पडलेल्या हँडसेटला रानात काम मिळावं, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

ती मोलाची का, हे शेतीच्या विजेचं वेळापत्रक पाहिलं की कळतं. शेतीला थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी आठवडा बदलून मिळते: कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. येलदरीचं पाणी असो, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं असो की स्वतःच्या विहिरीचं, हरभरा-गहू भिजवायचा तो या घड्याळावर. रातपाळीला लाईट आली की पांघरूण टाकून आखाड्यावर जायचं. वाटेत काळी चिखलट जमीन, धुऱ्यावरचं गवत, त्यात साप-विंचू. पोचल्यावर कळावं की एक फेजच नाही. परत फिरायचं, तासाभराने पुन्हा जायचं. दारं धरायला माणूस लागतोच, ते काम फोन करू शकत नाही. पण तुषार किंवा ठिबक असेल तिथे रात्रीची फेरी वाचते. आणि दारं धरायची असली तरी 'लाईट आली का' एवढंच बघण्यासाठीचा हेलपाटा नक्की वाचतो.

पेटीत घडतं ते असं. मोबाइलची प्रत्येक कळ एकाच वेळी दोन सूर काढते. '१'ची कळ ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे. पलीकडचा फोन आपोआप उचलला जातो, एक चिप त्या सुरांची जोडी ओळखते आणि छोटा रिले क्षणभर मिटतो. हिरवं बटण दाबणारं बोट जे करतं, तेच हा रिले करतो. कॉइलमध्ये वीज जाते, कॉन्टॅक्टर धरून राहतो, मोटार फिरते. चांगला स्टार्टर त्याआधी तिन्ही फेज तपासतो. विहीर उपसली गेली की मोटारीचा अँपिअर उतरतो. तो ओळखून स्टार्टर मोटार बंद करतो. अनोळखी नंबर तो जुमानत नाही, मालकाने नोंदवलेलेच ऐकतो. अँटेना मात्र पेटीच्या बाहेर हवी, कारण लोखंड लहरी अडवतं.

याचा भाऊबंद म्हणजे ऑटो. लाईट आली की कुणालाही न विचारता मोटार चालू करणारा. त्याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपी बसते आणि सगळ्यांचंच पीक वाळतं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं आणि ते बरोबर आहे. फोनच्या स्टार्टरमध्ये निर्णय माणसाचा राहतो.

खरं दुखणं आहे ते खात्याचं. विहिरीवरचं सिम महिन्यात चार-दोन मिनिटं बोलतं, इंटरनेट वापरत नाही, तरी त्याला रिचार्ज माणसासारखाच लागतो. मुदत संपली की काही दिवसांनी येणारे फोनही थांबतात. आमच्या स्टार्टरचं सिम असंच बंद पडलं आणि पुढे नंबर दुसऱ्याला दिला गेला. हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी 'मोटार'ला फोन लावला तर एका बाईंनी उचलून विचारलं, "कोण बोलतंय?" त्या वर्षी दोन पाळ्या हुकल्या.

२३ डिसेंबर २०२४ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम बदलला: इंटरनेट नको असलेल्यांसाठी फक्त बोलणं आणि एसएमएसचा निदान एक प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवावा, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. विहिरीवरच्या सिमसाठी वर्षाचा रिचार्जच बरा. यंत्रायंत्रांच्या बोलण्यासाठी १३ आकडी नंबरांची वेगळी सोयही देशात आहे. ती गावातल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत यायला हवी.

दुसरा प्रश्न पिढीचा. जुन्या स्टार्टरमधला फोन २जीचा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओला २जी नाहीच, म्हणून तिचं सिम त्यात चालत नाही. बाकीच्यांचं २जी अजून आहे, पण ते कायम राहील असं धरून चालू नये. अमेरिकेत जुनं ॲनालॉग जाळं बंद झालं तेव्हा गाड्या धडधाकट होत्या, त्यांतले फोन मात्र मुके झाले. स्टार्टरचं लोखंड-तांबं वर्षानुवर्षं टिकतं. फोनची पिढी तितकी टिकत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी सिम बसतं ती फोनची पट्टी वेगळी काढता येईल अशीच द्यावी आणि घेणाऱ्यांनी दुकानातच झाकण उघडून ती पाहावी. ४जी पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी.

झाकणाच्या आत सिमचा नंबर आणि रिचार्जची शेवटची तारीख रंगाने लिहून ठेवा. घरातल्या आणखी एकाचा नंबर स्टार्टरमध्ये नोंदवा. आणि विहिरीत उतरताना, पंपाला किंवा वायरला हात लावताना, मेन स्विच खाली ओढल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. तुम्ही तिथे आहात हे घरून फोन लावणाऱ्याला दिसत नाही.