आभासी सभा आणि चित्रांची साथ



२०२१ सालची गोष्ट. साथीमुळे माणसांनी एकत्र जमणे दुरापास्त झाले होते आणि कचेऱ्यांच्या सभा संगणकाच्या पडद्यावर भरत होत्या. घरातील मिळवते माणूस गमावलेल्या कुटुंबांना साहाय्याचा अर्ज कसा करावा, हे समजावून देण्यासाठी आम्हीही अशी एक सभा योजली. तिच्या मांडणीची जबाबदारी माझ्याकडे होती. सभा रुबाबदार दिसावी म्हणून मी गरगर फिरणारे बोधचिन्ह, हलती पार्श्वभूमी, चमचमत येणारी अक्षरे असा सारा थाट केला. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी कचेरीचा क्रमांक कोठून तरी मिळवून मला दूरध्वनी केला. ते म्हणाले, “साहेब, सभा झोकात झाली, पण चौकशीचा नंबर वाचायच्या आत पळाला. तेवढा सांगता का?”

दोष सर्वस्वी माझा होता. ज्यांच्यासाठी सभा, त्यांच्याच हाती काही लागले नव्हते. तेव्हापासून पडद्यावरील ग्राफिक्स व ॲनिमेशन यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

सभागृहात वक्ता कोण, मुद्दा कोणता, सभा कोठवर आली, हे आपणांस आपोआप उमगते. पडद्यावर ही सोय नसते. तेथे ते काम चित्रांना करावे लागते. आणि गवयाला तबलजीने द्यावी तशीच ही साथ असावी. तबला गाण्यावर चढला की मैफल बिघडते.

प्रथम नावाची पट्टी घेऊ. वक्ता बोलू लागला की पडद्याच्या खालच्या भागात त्याचे नाव व हुद्दा यावा. आपण स्वतः तो मजकूर सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत पट्टी ठेवावी, असा साधा अदमास आहे. दूरध्वनी क्रमांक किंवा तारीख असेल, तर ती लिहून घेण्याइतका वेळ स्थिर राहिली पाहिजे. चहूबाजूंनी सुमारे पाच टक्के जागा मोकळी सोडावी, म्हणजे अक्षरे कडेला कापली जात नाहीत. वेबसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांनुसार सामान्य आकाराच्या अक्षरांचे व पार्श्वभूमीचे तेज यांचे गुणोत्तर निदान ४.५ : १ असावे. पिवळ्यावर पांढरी अक्षरे शोभिवंत वाटली, तरी ती या कसोटीस उतरत नाहीत.

आपल्या देवनागरीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी अक्षरे एकामागून एक टपटप येताना बरी दिसतात. तीच युक्ती मराठी शब्दास लावली, तर वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे आणि जोडाक्षराची दोन शकले, अशी अवस्था होऊ शकते. म्हणून शब्द अखंडच आणावा. ओळींमध्येही अंतर अधिक ठेवावे. वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते.

आता हालचालीविषयी. आपला डोळा हलणाऱ्या वस्तूकडे प्रथम वळतो. वक्ता बोलत असता त्याच्यामागे लाटा उसळत राहिल्या, तर श्रोत्याचे लक्ष लाटांकडेच जाणार. याला एक तांत्रिक बाजूही आहे. इंटरनेटवरून चलच्चित्र पाठविताना प्रत्येक चौकट संपूर्ण पाठवीत नाहीत. मुख्यतः आधीच्या चौकटीहून जो भाग बदलला, तेवढाच पाठवितात. पार्श्वभूमी अखंड हलत राहिली की पाठवावयाचा मजकूर वाढतो आणि खेड्यातील क्षीण जोडणीवर वक्त्याच्या चेहऱ्याचेच ठोकळे होतात. स्थिर पार्श्वभूमी ही अशा वेळी श्रोत्यावर केलेली दयाच होय.

हालचाल हवीच असेल, तर ती झोपाळ्यासारखी असावी : हळू निघावी, मध्ये वेग घ्यावा आणि हळूच थांबावी. एकाएकी आदळणारी पट्टी डोळ्यांस खुपते. लखलखाट तर कटाक्षाने टाळावा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप झाली आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा उघडझाप नसावी, असा निकष आज मानला जातो.

मग ॲनिमेशन वापरूच नये काय? तसे मुळीच नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला. त्यापूर्वी त्यांनी एका रोपट्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपून एक लघुपट तयार केला होता. जे डोळ्यांस दिसत नाही ते त्या प्रयोगात हालचालीने दिसले. आमच्या सभेतही अर्ज कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, हे एका सरकत्या बाणाने दाखविले असते, तर ते ॲनिमेशन सार्थकी लागले असते.

पुढे तीच सभा आम्ही पुन्हा घेतली. पार्श्वभूमी साधी निळी, अक्षरे पांढरी व ठळक. आणि चौकशीचा क्रमांक शेवटची पाच मिनिटे पडद्यावर जागचा हलला नाही. सभा झोकात झाली, असे या वेळी कोणी म्हणाले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या क्रमांकाची घंटी वाजत राहिली.