मंद मुलाची सुस्ती आणि गळ्यातील ग्रंथी

“मूल जात्याच मंद, सुस्त असायचेच,” असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात, आणि नेमके तेथेच चुकते.

जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. कारण मात्र १९५९ साली फ्रान्समध्ये उलगडले. पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, एकविसावे एक अधिक. (आईने ग्रहण पाळले नाही, हे कारण नव्हे!)

या मुलांत गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावण्याचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ अधिक. मग बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, थंडी सोसत नाही, वाढ खुंटते, वजन मात्र चढते. पंचाईत अशी की यांतली बरीच लक्षणे या मुलांत एरवीही दिसतात. नुसत्या पाहण्याने निदान होत नाही. म्हणून रक्तातील टी.एस.एच. जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाने व पुढे दरवर्षी तपासून घ्यावे. दोष निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉक्झिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी. पुष्कळांना ती कायमची घ्यावी लागते. पण मूल पुन्हा हसूखेळू लागलेले पाहिले की आईला तिचे ओझे वाटत नाही.

बालपणीचा मधुमेह आणि गव्हातील ग्लूटेन न सोसणे हे विकारही यांच्यात अधिक. फार तहान, वारंवार लघवी, फुगलेले पोट, न थांबणारे जुलाब दिसताच डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाच्या खुणा असतील तर त्याच दिवशी.

रात्रीचे मोठे घोरणेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. झोपेत श्वास अडखळत असेल तर दिवसाची सुस्ती त्याचीही असू शकते.