इमारतीला निधी, माणसाला नाही

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना सुचवलेल्या अनुदानातला ६० टक्के निधी ‘बंधित’ आहे: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’ निधी अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर गावाच्या गरजेनुसार खर्च करता येतो. मात्र त्यातून पगार किंवा आस्थापना खर्च भागवता येत नाही. म्हणजे वाचनालय बांधता येतं, ते चालवणारा पगारी ग्रंथपाल नेमता येत नाही. मुभा दिली तर सगळा पैसा पगारातच जिरेल, ही भीती निराधार नाही. पण त्यावर उपाय खर्चमर्यादेचा आहे, सरसकट बंदीचा नव्हे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहेच. तशीच मर्यादा घालून, ग्रामसभेपुढे हिशेब मांडण्याच्या अटीवर, मानधनाची वाट मोकळी करायला हवी.