घर ही पहिली शाळा : आयर्लंडचा कायदा काय सांगतो?

मुलाला शाळेत न पाठविता आईबापांनी घरीच शिकवावे काय, आणि त्यांनी तसे ठरविले तर राज्याने आडकाठी करावी काय, हा प्रश्न युरोपातील देशांनी निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. जर्मनीत मुलाने शाळेत गेलेच पाहिजे. धर्मश्रद्धेस्तव मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या तेथील पालकांची तक्रार स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही २००६ साली फेटाळली. आयर्लंडने मात्र वेगळी वाट धरली. ती ख्रिस्ती कुटुंबांनी समजून घेण्याजोगी आहे.

१९३७ च्या आयरिश राज्यघटनेचे ४२ वे कलम सांगते की, कुटुंब हेच बालकाचे आद्य व नैसर्गिक शिक्षक होय. मुलांना धार्मिक, नैतिक, बौद्धिक, शारीरिक व सामाजिक शिक्षण देणे हा आईबापांचा अहरणीय हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. ते शिक्षण घरी द्यावे, खाजगी शाळेत द्यावे की सरकारमान्य शाळेत, हे त्यांनीच ठरवावयाचे. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली शिक्षणविषयक विश्वपत्रात हेच तत्त्व मांडले होते.

परंतु त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. सार्वजनिक हिताचा रक्षक या नात्याने, प्रत्येक बालकाला किमान नैतिक, बौद्धिक व सामाजिक शिक्षण मिळालेच पाहिजे, असा आग्रह राज्य धरू शकते. या दोहोंची सीमा कोठे, याचा वाद १९४३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शिक्षणाची पद्धतसुद्धा मंत्र्यांच्या पसंतीस उतरावी, अशी तरतूद एका विधेयकात होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. किमान शिक्षण मागावे, पण ते कोणत्या रीतीने द्यावे हे राज्याने लादू नये, असा त्याचा आशय होता.

आजचा व्यवहार २००० सालच्या शिक्षण कल्याण कायद्यानुसार चालतो. सामान्यतः सहा ते सोळा वर्षांचे मूल घरी शिकणार असेल, तर त्याचे नाव सरकारी नोंदवहीत घालणे बंधनकारक आहे. २०१४ पासून हे काम ‘टुस्ला’ या बालक व कुटुंब संस्थेकडे आहे. पालकांनी जन्मदाखल्यासह अर्ज करावा. मग अधिकारी पालकांची भेट घेऊन शिकविण्याचा वेळ, साहित्य, वाचन, लेखन व गणित यांविषयी विचारपूस करतो. तेवढ्याने समाधान न झाल्यास मुलाचा अभ्यास प्रत्यक्ष पाहिला जातो. नोंदणी नाकारल्यास अपील करता येते. पालकाला शिक्षकाची पदवी लागत नाही, सरकारी अभ्यासक्रमाचे बंधनही नाही. मात्र, मूल शाळेतही नाही आणि नोंदवहीतही नाही, असे आढळल्यास प्रथम नोटीस येते. ती न मानणाऱ्या पालकाला दंड वा कारावासही होऊ शकतो.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. ती आईबापांवर विश्वास ठेवते, पण बालकाला त्यांच्या लहरीवर सोडून देत नाही. कारण मूल ही कोणाची मालमत्ता नव्हे, ती देवाने सोपविलेली ठेव आहे. आळसाने वा अहंकाराने घरी अडकवून ठेवलेल्या मुलावर अन्यायच होतो. त्याच्या बाजूने कोणीतरी दार ठोठावले, तर ती ढवळाढवळ म्हणता येणार नाही.

वाचकहो, आपली मुले शाळेत जातात म्हणून हा विषय आपला नव्हे, असे समजू नका. आईबाप हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जगभरच्या सर्व पालकांना उद्देशून सांगितले आहे. शाळेची फी भरली आणि रविवारी मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गाला धाडले, की आपण मोकळे झालो, असे अनेकांना वाटते. आयर्लंडमधील त्या अधिकाऱ्याने उद्या आपल्या दारी येऊन विचारले की, ‘या मुलाला तुम्ही स्वतः काय शिकविले?’, तर आपल्यापाशी उत्तर आहे काय? संध्याकाळच्या जपमाळेनंतर अर्धा तास मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐका, त्यांच्या शंका ऐका, खरे बोलण्याचे धडे आपल्या वागण्यातून द्या. त्या शाळेला ना नोंदणी लागते, ना परवानगी. आणि तिचा हिशेब मागणारा परीक्षक तर आपल्याला ठाऊकच आहे.