वाफेचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि भीमा-घोडच्या खोऱ्यात गाळपाचे दिवस येतात. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा. शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा. उसाने या टापूत उभे केलेले हे कारखाने.

शेजारच्या रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपनीला विजेची उधळपट्टी महिन्याच्या बिलात दिसते. १ एप्रिल २०२० पासून राज्यातल्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघते. पॉवर फॅक्टर घसरला की रक्कम फुगते. साखर कारखान्याचे इंधन मात्र उसाबरोबरच आत येते. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे चोथा, मिळतो. त्याचे बिल कुणी पाठवत नाही, म्हणून वाया जाणारी वाफ सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. ती दाखवायला मोजमापच लागते.

इथला कळीचा आकडा म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के वाफ लागली. जुन्या घडणीत तो ५० च्या आसपास असतो, सुधारलेल्या यंत्रणेत ४० च्याही खाली येतो. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना ५० वरून ४० वर आला, तर दिवसाला ५०० टन वाफ वाचते. एक किलो बगॅस सुमारे सव्वादोन किलो वाफ देतो. म्हणजे रोज सव्वादोनशे टनांच्या घरात बगॅस शिल्लक. सहवीजनिर्मितीमुळे आता त्याची वीज होते आणि ती विकताही येते.

मोठी बचत रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये आहे. रसात ८५ टक्क्यांच्या घरात पाणी असते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ पहिल्या बॉडीतला, म्हणजे भांड्यातला, रस उकळते. त्या रसातून उठलेली वाफ दुसऱ्या बॉडीला, तिथली तिसऱ्या बॉडीला. पुढे दाब कमी होत जातो, म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. लुइझियानातले कृष्णवर्णीय अभियंते नॉर्बर्ट रिलिये यांनी या पद्धतीचे पेटंट १८४३ मध्ये घेतले. बॉयलरच्या पंख्यांतही बचत होते. हवेची वाट अडवणारा डँपर अर्धवट लावण्याऐवजी व्हीएफडीने, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेने, वेग २० टक्के कमी केला, तर वीज जवळजवळ निम्मी लागते.

या बचतीची राखण प्रयोगशाळा करते. वाफेचे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, परीक्षानळीत घेतात, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि कडेने सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडतात. जांभळे कडे उमटले की पाण्यात साखर आली. मग ते गरम पाणी बॉयलरला देता येत नाही. त्यातली उष्णताही हातची जाते. शेजारी बगॅस ओव्हनमध्ये वाळवून त्याचा ओलावा पाहतात. तो ५० टक्क्यांच्या वर गेला, तर जळणाची ताकद पाणी उडवण्यातच खर्ची पडते.

बचतीला कायद्याचाही आधार आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये सुरू झाला. प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक, पुण्याची महाऊर्जा, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असे जाणकार हाताशी आहेत. पण लेखापरीक्षक येऊन जातो. लॉगशीट भरणारा शिफ्टमधला माणूस हंगामभर तिथेच असतो. त्याने खरा आकडा लिहावा आणि वरिष्ठांनी तो वाचावा, यावर सारे अवलंबून आहे.

वार्षिक सभेत सभासद उतारा विचारतात, दर विचारतात. त्यांनी वाफेची टक्केवारीही विचारायला हवी. तो बगॅस त्यांच्याच उसाचा आहे.