चाळीच्या आढ्याला फट आहे का? आजच बघून घ्या



उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि पाऊस तोंडावर आला. या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच प्रश्नाचे, "ताई, चाळीवर आतून कागद मारू का?" कागद म्हणजे प्लॅस्टिक, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. मेसेज लांब आहे. जमलं तर चाळीत उभं राहूनच वाचा, म्हणजे मी काय म्हणते ते वर मान करून लगेच बघता येईल.

आधी आमच्या घरची गोष्ट. डिप्लोमा होऊन मला दोन वर्षं झाली होती. आमची चाळ दोन पाखी, वर जस्ताचा पत्रा. जूनमधल्या एका वादळी पावसात आढ्याच्या फटीतून पाणी आत आलं आणि वरचा थोडा कांदा भिजला. वडील म्हणाले, "भिजलेला बाजूला काढू, सुकेल." मी म्हटलं, फटच बुजवून टाकू. पत्र्याखालून आडवा प्लॅस्टिकचा कागद ताणला, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी जाळ्याही बांधून टाकल्या. नंतर कितीही पाऊस झाला तरी थेंब आत येईना. मला केवढा अभिमान वाटला होता! गोकुळाष्टमीच्या सुमाराला भाव बरा दिसला म्हणून चाळ फोडली, तर वरचा हात-दीड हात थर काळा आणि बुळबुळीत. खालचा कांदा चांगला निघाला, त्यावरूनच कळलं की घोळ वर, माझ्या कागदाखाली झालाय. तीन ट्रॉल्यांमागे एक उकिरड्यावर गेली. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर झालं काय होतं? कांदा काढला, पात कापली, तरी तो जिवंतच असतो. चाळीत पडून श्वास घेत राहतो आणि उष्णता व वाफ बाहेर टाकतो. एका कांद्याची वाफ जाणवणार नाही, पण दीड-दोनशे क्विंटल ढिगाची जाणवते. गरम हवा हलकी, म्हणून ती ढिगातून वर चढते. वर आढ्यापाशी वाट मिळाली की बाहेर जाते आणि तिच्या जागी खालून, माचाच्या फटींतून गार हवा ओढली जाते. ही ओढ फुकट आहे, तिला ना लाईट लागते ना डिझेल. पण वरची वाट बुजवली की खालची हवा येणंही मंदावतं. खाली दोन फूट मोकळं सोडलेलं असूनही मग त्याचा निम्मा उपयोग राहत नाही.

पत्रा यात भर घालतो. दुपारी तापून तो वरच्या थराला शेकतो. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा लवकर गार पडतो, आणि आत कोंडलेल्या वाफेचं त्याच्या खालच्या बाजूला पाणी होतं. थेंब थेंब तेच पाणी कांद्यावर पडतं. तुमच्या चाळीत हे होतंय का ते बघायला पहाटे पाचच्या सुमाराला बॅटरी घेऊन जा आणि पत्र्याला खालून हात लावा. बाहेर पाऊस नसताना हात ओला झाला, तर वाफ कोंडतेय. ओल्या सालीवर काळी काजळी धरते, आणि मान ओली राहिली की सड आत उतरते. कांद्याला साठवणीत 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते, मग ती आत कशाला घ्यायची, असं काही जण विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण बाहेरची हवा दमट असली तरी वाहती आहे. ती ढिगातली उष्णता आणि सालीवरचा ओलावा घेऊन जाते. कोंडलेली हवा मात्र पाण्याने भरून तिथेच बसते.

निवड करताना सड कुठे सापडते ते नीट बघा. वरच्या थरात असेल तर छपराकडे बघा. तळाला असेल तर माचाखालची जागा तपासा. आपल्याकडे तिथे रिकाम्या गोण्या, सरपण आणि कोंबड्यांचं खुराडंसुद्धा असतं! ढिगाच्या मधोमध सड असेल तर ढीग जास्त रुंद किंवा उंच झालाय. एका पाखीची रुंदी चार फूट आणि कांद्याची उंची पाच फूट, त्याच्यावर जाऊ नका. एकाच अंगाला सड असेल तर ती पावसाची झड. आणि ज्यांचा कांदा काढणीला भिजला किंवा नीट सुकण्याआधी चाळीत गेला, त्यांनी छपरावर भरवसा ठेवू नये. तो माल पहिल्यांदा विका.

आता काय करता येईल ते सांगते. आढ्यावर वीतभर फट आणि तिच्यावर उचललेली टोपी, हे सगळ्यात उत्तम. टोपी फटीच्या दोन्ही अंगांना फूटभर पुढे यायला हवी. आमच्या चाळीत ती तोकडी होती, म्हणूनच वादळात पाणी आलं. चूक टोपीत होती आणि मी फट बुजवत बसले. हे काम वेल्डिंगवाल्याकडून दोन पाऊस पडायच्या आत करून घ्या. सिमेंटच्या पत्र्यावर कुणी थेट पाय देऊ नका, तो फुटतो आणि माणूस खाली येतो. फळी टाकूनच चढा.

यंदा पत्रा उघडणं जमत नसेल तर दोन्ही टोकांचे त्रिकोण मोकळे करून जाळी मारा, आणि वळचणीखाली भिंत व पत्रा यांच्यामध्ये असलेली जागा बुजवू नका. आतून कागद ताणला असेल तर तो आजच काढा. पत्रा गळत असेल तर वरून, गळतं तिथेच दुरुस्त करा.

पत्र्याचा ताप कमी करायला वरून पाचट किंवा नारळाच्या झावळ्या टाका, जुन्या जाळीने बांधा. चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो, पण पावसात तो धुऊन जातो. पाचट टाकणार असाल तर पत्र्यावरून गेलेली वायर आधी हलवा.

बाजूच्या ताडपत्र्या गुंडाळता येतील अशा बांधा. झड ज्या अंगाने येते तेवढीच सोडायची आणि पाऊस थांबला की वर घ्यायची. हे रोजचं काम आहे, घरात कुणाकडे तरी ते ठरवून द्या. आमच्याकडे हे आईकडे आहे आणि ती एकदाही विसरत नाही.

काहींनी ढिगाखाली पाइप टाकून पंखे बसवलेत. ते चांगलंच आहे, पण पंखा उन्हाच्या वेळी चालवा. पाऊस चालू असताना किंवा रात्री धुकं असताना लावला तर ओलीच हवा आत ढकलाल.

नवीन चाळ बांधणाऱ्यांसाठी एवढंच की एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम घ्या. बाकीचा नकाशा ऑफिसला येऊन घेऊन जा.

या नंबरवर चाळीचे दोन फोटो पाठवा. एक बाहेरून टोकाकडून आणि एक आत उभं राहून आढ्याकडे बघून काढलेला. सोबत गावाचं नाव आणि कांदा कधी भरला ती तारीख लिहा. रविवारपर्यंत आलेले फोटो मी सोमवारी बघून प्रत्येकाला उत्तर देईन. ज्यांच्या चाळीत आतून कागद आहे त्यांनी फोटोची वाट बघू नका, आधी कागद काढा.

तुमची कृषी सल्लागार